लायब्ररी आहे, पण कुठे?

विमानाच्या पंखाभोवतून हवा कशी वाहते हे डोळ्यांना दिसत नाही. पण अनेक बिंदूंवरचा हवेचा वेग संगणकाने गणिताने काढून दिला, तर त्याचे त्रिमितीय चित्र उभे करता येते. अशी चित्रे दाखविणाऱ्या एका आज्ञावलीचे नाव आहे ‘मायावी’. ती प्रभू रामचंद्रन यांनी तयार केली. 2001 साली तिच्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे ते पवईच्या आयआयटीत, म्हणजे आपल्या मीरा-भाईंदरहून फार दूर नाही अशा ठिकाणी, वैमानिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

गंमत अशी, की चित्र काढण्याचे कष्टाचे काम मायावी स्वतः करीतच नाही. ते ‘व्हीटीके’ नावाच्या लायब्ररीकडून करून घेते. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संच. लॉगॅरिथमची कोष्टके आपण दर वेळी नव्याने मांडत नाही, छापील वापरतो, तसेच हे.

आज्ञावली लिहिली, की तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून ती लायब्ररीशी जोडावी लागते. या बांधणीचा आराखडा करून देणारे एक साधन म्हणजे ‘सीमेक’. व्हीटीकेची बांधणीही त्यानेच होते. अमेरिकेतील किटवेअर कंपनीत त्याचे काम सुरू झाले. युनिक्स आणि विंडोज या दोन्ही प्रणालींवर एकाच वर्णनावरून बांधणी व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. पण जोडायची लायब्ररी आधी सापडावयास हवी ना!

युनिक्स जातीच्या संगणकांत हे सोपे असते. प्रयोगशाळेत सर्व अमीटर एका ठरलेल्या कपाटात असावेत, तशा तेथे लायब्रऱ्या बहुधा ‘लिब’ नावाच्या सामाईक फोल्डरमध्ये आणि त्यांची ओळख सांगणाऱ्या फाइली ‘इन्क्लूड’ फोल्डरमध्ये असतात. विंडोजमध्ये असे सामाईक कपाट नाही. प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे. कोणी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, कोणी थेट डी ड्राइव्हवर.

मग सीमेक काय करते? आधी वापरणाऱ्याने सांगितलेल्या जागी पाहते. नंतर ‘पाथ’ची यादी तपासते. चालविण्याजोग्या आज्ञावल्या कोणकोणत्या फोल्डरांत आहेत, याची ही यादी विंडोज बाळगते. तिच्यात लायब्ररीचा पत्ता नसतो. पण यादीतील फोल्डरचे नाव ‘बिन’ असेल, तर सीमेक एक पायरी वर चढून शेजारी ‘लिब’ आहे का ते बघते! मला ही युक्ती फार आवडते. त्यानंतर विंडोजची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, आणि शेवटी नेहमीच्या जागा.

सापडली म्हणजे झाले, असे मात्र नाही. मीरा रोडला एकाच नावाच्या इमारती किती तरी असतात; पाटी वाचून जिना चढलात तर भलत्याच घराची घंटा वाजवाल. लायब्ररीचेही तसेच. नाव तेच, पण एक 32 बिटांची, दुसरी 64 बिटांची. एक जुनी आवृत्ती, एक नवी. 64 बिटांच्या आज्ञावलीला 32 बिटांची लायब्ररी जोडताच येत नाही. चुकीची आवृत्ती कधीकधी जोडली जाते आणि मग आज्ञावली मध्येच कोसळते. माझ्या मते न सापडण्यापेक्षा हे वाईट.

म्हणून चांगली लायब्ररी आपल्याबरोबर एक ओळखचिठ्ठी ठेवते. आपली आवृत्ती कोणती, बिट किती, हे तीत लिहिलेले असते. आपल्या फाइली कुठे आहेत हे ती ‘या चिठ्ठीपासून दोन पायऱ्या वर’ अशा सापेक्ष रीतीने सांगते. त्यामुळे सारा फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेला, तरी चिठ्ठी खरीच राहते. भौतिकशास्त्रात आपण निर्देशबिंदू सोयीचा निवडतो, त्यातलाच हा प्रकार.

बांधणी झाल्यावर, आज्ञावली चालविताना, शोध पुन्हा एकदा होतो. हा शोध विंडोज स्वतः घेते. ‘डीएलएल सापडत नाही’ हा संदेश तेव्हाचा. विंडोज सामान्यतः प्रथम आज्ञावलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहते, मग प्रणालीच्या फोल्डरांत आणि नंतर पाथमध्ये. पुष्कळ आज्ञावल्या आपल्या डीएलएल फाइली आपल्याच फोल्डरात घेऊन येतात, त्या यासाठीच.