भाव उतरला, आता फरक मागावा का?



एखादी वस्तू आज घ्यावी आणि पंधरा दिवसांत तिचा भाव उतरावा, यासारखी चुटपुट दुसरी नाही. वस्तू तीच, दुकान तेच; पण शेजाऱ्याने ती आपल्यापेक्षा स्वस्तात आणलेली असते. अशा वेळी कुणी नशिबाला बोल लावून गप्प बसतो, तर कुणी दुकानात जाऊन भांडण काढतो. पहिल्याचे हक्काचे पैसे कधीकधी बुडतात. दुसऱ्याचा, नसलेल्या हक्कापायी, दिवस बुडतो. तेव्हा फरक केव्हा मागता येतो, केव्हा येत नाही, आणि मागायचा तो कसा, एवढेच आज आपण पाहू.

उदाहरण अलीकडचेच घेऊ. २०२५ साली २७ ऑगस्टला गणपती बसले. सणाला पुष्कळ घरांत मोठी खरेदी झाली. त्यानंतर ३ सप्टेंबरला वस्तू व सेवा कर परिषदेने, म्हणजे आपण ज्याला जीएसटी म्हणतो त्याचे दर ठरवणाऱ्या मंडळाने, अनेक वस्तूंचा कर उतरवायचे ठरवले. नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी. बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सायकल, शिवणयंत्र, ठिबक सिंचनाचे साहित्य आणि शेतीचा ट्रॅक्टर यांचा कर १२ वरून ५ टक्के झाला. मुलांच्या वह्यांवर १२ टक्के होता, तो शून्यावर आला.

आता हिशेब पाहा. टीव्हीची मूळ किंमत २५,००० रुपये धरा. २८ टक्के कराने तो ३२,००० रुपयांना पडला. १८ टक्क्यांनी २९,५०० रुपयांना पडतो. फरक अडीच हजारांचा. ट्रॅक्टरची मूळ किंमत सहा लाख धरली, तर आधी ६,७२,००० आणि नंतर ६,३०,०००. फरक बेचाळीस हजारांचा!

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने निघाले, की शहाडनंतर आंबिवली लागते. मोठी खरेदी म्हटली की इथला माणूस कल्याणचा बाजार गाठतो. शेजारच्या मोहोन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. ज्या घरांचा बांधलेला पगार त्याबरोबर गेला, त्यांना अडीच हजार रुपये म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अशा घराने गणपतीला हप्त्यावर टीव्ही आणला आणि घटस्थापनेला तोच टीव्ही अडीच हजारांनी उतरला, तर मनात येणारच, की हा फरक आपल्याला परत मिळायला नको का?

तर आधी कडू तेवढे सांगून टाकतो. केवळ भाव उतरला म्हणून फरक मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. सौदा ज्या दिवशी पुरा झाला, त्या दिवशीचा भाव आणि त्या दिवशीचा कर दोघांनाही बांधतो. पावती २२ सप्टेंबरच्या आधीची, आणि वस्तूही आधीच घरी आलेली, तर जुनाच दर लागायचा. दुकानदार म्हणतो, ‘‘भाव चढला असता तर वरचे पैसे आणून दिले असतेत का?’’ त्याचे बोलणे लागते खरे, पण ते खोटे नाही. आपणही कल्याणच्या बाजार समितीत सकाळी भेंडी विकतो आणि दुपारी भाव चढतो. तेव्हा व्यापारी काही आपल्याला शोधत येत नाही.

मग सगळेच संपले का? नाही. पुढच्या चार बाबतींत मात्र तुमचे पैसे दुकानदाराकडे निघू शकतात. त्या नीट ध्यानात ठेवा.

पहिली बाब, आगाऊ रकमेची. पैसे गणपतीत भरले. पण पावती झाली आणि वस्तू घरी आली २२ सप्टेंबरनंतर. इथे नवा, उतरलेला दर लागतो. आगाऊ घेतली म्हणून जुना कर आकारता येत नाही. पावतीवर तारीख कोणती आणि कराचा दर कोणता, ते दुकानातच वाचून घ्या. वस्तू आज देतो आणि तारीख मागची घालतो, असे झाले तर तिथेच हरकत घ्या.

दुसरी बाब, छापील किमतीची. खोक्यावर जी कमाल किंमत छापलेली असते तीत सर्व कर आलेले असतात. तीहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. पण बरं का, ही किंमत कमाल आहे, ठरलेली नव्हे! तीहून कमी किमतीला वस्तू मागायला काही हरकत नाही. कर उतरल्यावरही जुन्या खोक्यावर जुनाच आकडा असू शकतो. म्हणून खोक्यावर विसंबू नका, पावती वाचा.

तिसरी बाब, दुकानदाराच्या शब्दाची. ‘‘पंधरा दिवसांत कुठे स्वस्त मिळाले तर फरक परत’’ अशी जाहिरात काही दुकाने करतात. तो शब्द पाळणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीचा कागद जपून ठेवा आणि मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, ते आधी विचारा.

चौथी बाब, खराब मालाची. इथे भावाचा प्रश्नच वेगळा होतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे पावतीवर छापले म्हणून दुकानदार सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल पावतीवरच्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. पावतीच न देणे, हेही याच सदरात येते.

कर उतरतो तेव्हा दुकानदाराकडून आणखी एक कारण ऐकू येते. ‘‘आम्ही माल जुन्या कराने भरलाय, नव्या दराने विकला तर आम्ही बुडू.’’ नोंदणी असलेल्या दुकानदाराला माल भरताना दिलेला कर आपल्या खात्यात जमा धरता येतो आणि पुढे सरकारला द्यायच्या करातून तो वळता करता येतो. तेव्हा २२ सप्टेंबरनंतरच्या विक्रीला हे कारण लागू पडत नाही.

मात्र आपणही वस्तूची नीट चौकशी करावी. फ्रीज आणि कपडे धुण्याचे यंत्र जुलै २०१८ मध्येच २८ वरून १८ टक्क्यांवर आले होते. २०२५ मध्ये त्यांचा कर हलला नाही. सगळेच स्वस्त झाले असे धरून फ्रीजवाल्याशी भांडलो, तर आपलीच बाजू लंगडी पडते.

आता ज्यांचा हक्क नाही, त्यांनी काय करावे? त्यांनी विनंती करावी. यात लाजण्यासारखे काही नाही. २००७ साली अमेरिकेत ॲपल कंपनीने आपला पहिला आयफोन जूनअखेर ५९९ डॉलरना विकायला काढला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याची किंमत २०० डॉलरनी उतरवली. आधीच्या गिऱ्हाइकांनी कंपनीला पत्रांवर पत्रे धाडली. तेव्हा कंपनीने त्यांना आपल्याच दुकानात वापरायला १०० डॉलरची सूट दिली. कायद्याचा बडगा नव्हता. गिऱ्हाईक तुटेल ही काळजी होती. आपल्या गावच्या दुकानदारालाही गिऱ्हाईक राखायचे असतेच.

विनंती करायची तर लवकर करा; दोन-चार दिवसांत गेलात तर बोलायला जागा राहते. खोके फोडले नसेल तर उत्तम, कारण न फोडलेली वस्तू दुकानदार राजीखुशीने परत घेऊन नव्या भावाने देऊ शकतो. फोडलेली वस्तू त्याला नवी म्हणून विकता येत नाही, हेही समजून घ्या. सोबत मूळ पावती आणि नव्या भावाचा पुरावा न्या. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ पाहा. रोख फरक जमत नसेल तर दुसरे काही मागा: पुढच्या खरेदीत वजावट, जोडणी फुकट, नाहीतर टीव्हीखालचे स्टँड. हप्त्यावर घेतले असेल तर मिळालेला फरक कर्जाच्या रकमेतून कमी झाला की नाही, ते लेखी मागून घ्या.

हक्काचे पैसे असूनही दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. छापील किमतीहून जास्त घेतले असेल तर तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापे तपासणाऱ्या कचेरीकडे, करावी. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. खरेदी कुठेही झालेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे आंबिवलीच्या माणसाला ठाणे जिल्ह्याबाहेर जायचे कारण नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. शेकडेवारीचा धडा आला की मुलांना घरून एकेक पावती आणायला सांगा. मूळ किंमत किती, कर किती टक्के, एकूण किती, हे त्यांनाच मांडू द्या. गणित तर पक्के होईलच. पण ज्या घरात पावती वाचणारे कुणी नाही, तिथे ती वाचणारे एक मूल तयार होईल.

आणि सर्वांसाठी शेवटची गोष्ट. फरकाचे भांडण नंतर जिंकणे कठीण. त्याची सोय खरेदीच्या वेळीच करावी लागते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोठी वस्तू घेताना पैसे मोजण्याआधी विचारा, ‘‘शेठ, महिन्याभरात भाव उतरला तर फरक द्याल का?’’ नाही म्हणाला तर थांबायचे की घ्यायचे, ते तुम्ही ठरवा. हो म्हणाला, तर तेवढी एक ओळ पावतीवर लिहून घ्या, खाली तारीख आणि सही घ्या, आणि पावती रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा.