चित्रांची परदेशवारी

जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते पाळणे, बांगड्यांची दुकानं, भांड्यांच्या राशी आणि रेवड्या-गोडीशेव. पण जगात अशाही जत्रा भरतात, जिथे विकायला फक्त चित्रं आणि शिल्पं असतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावची जत्रा त्यांतली सर्वांत मानाची. १९७० साली तिथल्या तिघा चित्रविक्रेत्यांनी ती सुरू केली. ट्रुडल ब्रुकनर ही त्या तिघांतली एक बाई. पहिल्याच वर्षी दहा देशांतल्या ९० गॅलऱ्या आल्या आणि सोळा हजारांवर माणसं चित्रं पाहून गेली. आज मायामी, हाँगकाँग, पॅरिस इथेही तिच्या शाखा भरतात. लंडनला ‘फ्रीझ’ नावाची जत्रा २००३ पासून, तर आपल्या दिल्लीत २००८ पासून अशीच जत्रा भरते.

आता तुम्ही म्हणाल, ‘बाझलचं आपल्याला काय?’ तर मैत्रिणींनो, या जत्रांना आपल्या मुंबईची एक गॅलरी जात असते. तिचं नाव केमोल्ड. तिची कहाणी सुरू होते चित्रांच्या चौकटींपासून. केकू गांधी या पारशी गृहस्थांचं प्रिन्सेस स्ट्रीटला चौकटींचं दुकान होतं. दुकानाच्या काचेत नुसत्या रिकाम्या चौकटी काय मांडायच्या, म्हणून आरा, हुसेन अशा तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं ते त्यात लावू लागले. पुढे १९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर स्वतःची गॅलरी काढली. जागा इवलीशी, गिऱ्हाईक बेताचं. पण दोघांनी ती नेटानं चालवली. १९८८ पासून त्यांची मुलगी शिरीन हिनं सूत्रं हाती घेतली. २००७ साली गॅलरी फोर्टमधल्या क्वीन्स मॅन्शनच्या ऐसपैस जागेत गेली.

या जत्रांत पैसे भरले आणि गाळा घेतला, असं चालत नाही. आधी अर्ज करायचा, कोणाची कोणती चित्रं आणणार ते कळवायचं. निवड समिती पारखून घेते, नकारही देते. जागेचं भाडं चौरस मीटरवर. शिवाय विमा, विमानभाडं, माणसांची राहण्याची सोय. चित्र विकलं गेलं तर साधारण निम्मा वाटा चित्रकाराचा, निम्मा गॅलरीचा, असा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे. पण एकही चित्र विकलं गेलं नाही तरी भाडं काही परत मिळत नाही! पहिले एक-दोन दिवस फक्त बोलावलेल्या संग्राहकांसाठी आणि संग्रहालयांच्या मंडळींसाठी असतात. मोठा व्यवहार तेव्हाच होतो. तिकीट काढून येणारी गर्दी त्यानंतरची.

मग एवढा उपद्व्याप का करायचा? तर आपल्याकडच्या चित्रकाराचं काम परदेशी संग्रहालयाच्या नजरेला पडावं, म्हणून. घरातली गुणी मुलगी चार लोकांत दिसली पाहिजे, तशातलाच हा प्रकार. २०२० साली करोनामुळे हाँगकाँग आणि बाझलच्या जत्रा रद्द झाल्या, तेव्हा चित्रं संगणकाच्या पडद्यावर मांडली गेली. त्यातही काही विक्री झाली. पण प्रत्यक्ष चित्रापुढे उभं राहण्याची सर त्याला कुठली यायला!

गृहिणीला खरा रस वाटेल तो बांधाबांधीत. बदलीच्या गावी जाताना लोणच्याच्या बरण्या नि तसबिरी कशा न्यायच्या याची चिंता आपल्यातल्या कितीतरी जणींनी केली असेल. तीच चिंता इथे, फक्त मोठ्या प्रमाणात. कागदावरच्या चित्राला आम्ल नसलेला कागद लागतो, कारण साध्या कागदानं पुढे पिवळे डाग पडतात. काच असेल तर तिच्यावर चिकटपट्ट्या लावतात, म्हणजे काच फुटलीच तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. मोठा कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर. आत ठेवली तर रंग दबून सुरकुततो. मग हे सारं त्याच मापाच्या लाकडी खोक्यात.

त्या लाकडाचीही एक गंमत आहे. आपण धान्याला कीड लागू नये म्हणून उन्हं देतो ना? तसं या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीस मिनिटं तसंच ठेवावं लागतं, म्हणजे लाकडातली कीड दुसऱ्या देशाच्या जंगलात जात नाही. तसा शिक्का खोक्यावर मारतात आणि त्या शिक्क्यात चक्क कणसाची खूण असते! पोचल्यावरही खोकं घाईनं उघडायचं नाही. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम येतो, तसं चित्राचं होऊ नये म्हणून ते जवळजवळ दिवसभर तिथल्या हवेत तसंच राहू देतात.

कागदपत्रांचा व्यापही मोठा. परत आणायच्या वस्तू परदेशी प्रदर्शनात न्यायच्या तर ‘कार्नेट’ नावाचा दाखला मिळतो. आपल्याकडे तो फिक्की ही व्यापाऱ्यांची संस्था देते. त्यात प्रत्येक वस्तूची नोंद असते आणि वर्षाच्या आत ती परत आणली तर परदेशात जकात पडत नाही. चित्र तिकडेच विकलं गेलं तर मात्र त्या देशाचा कर भरावा लागतो.

शिवाय आपला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ अशा नऊ कलावंतांची कामं राष्ट्राचा ठेवा मानली जातात. ती परदेशी विकता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुनं चित्र किंवा मूर्तीही देशाबाहेर नेता येत नाही. हे आपणही लक्षात ठेवायला हवं बरं का! परदेशातल्या लेकीला आजेसासूबाईंच्या देव्हाऱ्यातली जुनी पितळी मूर्ती कौतुकानं पाठवायला निघाल तर अडचणीत याल. आधी पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा, हेच शहाणपणाचं.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चित्र जगाच्या जत्रेत पोचतं तेव्हा नाव कुणाचं लागतं? वारली चित्रांचंच पाहा. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं. चौकाखाली सही करायची रीत नव्हती. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले. तिथे जिव्या सोमा मशे हे असामान्य हाताचे कलावंत पुढे आले. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्डमध्येच त्यांची चित्रं लागली. पुढे ती परदेशी गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे, तो त्यांनी स्वतःच्या हातानं कमावला. पण ज्या बायकांच्या भिंतीवरून ही कला आली, त्यांची नावं कोणत्याच पाटीवर नाहीत.

हे असंच व्हायला हवं होतं असंही नाही. याच भास्कर कुलकर्णींनी बिहारच्या मिथिलेत, १९६६ च्या दुष्काळाच्या सुमारास, बायकांच्या हाती कागद दिले. त्यांची चित्रं त्यांच्याच नावानं बाहेर पडली आणि १९७५ मध्ये जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. म्हणजे कागद कुणाच्या हाती पडतो आणि खाली सही कोण करतं, यावर किती अवलंबून असतं बघा! भरतकाम, गोधडी, रांगोळी, रुखवताच्या वस्तू हे तर आपल्या घरोघरचं. आपण तरी त्यावर नाव कुठे घालतो? गोधडीच्या कोपऱ्यात नाव आणि साल टाक्यानं घालायला पाच मिनिटं पुरतात. पन्नास वर्षांनी नातीला ते वाचता येईल.

आणि हो, चित्र पाहायला बाझलला जायला नको. मुंबईला कामानिमित्त गेलात तर तासभर काढून काळ्या घोड्याजवळच्या जहांगीरमध्ये, फोर्टमधल्या केमोल्डमध्ये जरूर डोकावा. आत जायला पैसे पडत नाहीत आणि काही विकत घ्यायलाच हवं असंही नाही. दाराची काच पाहून बिचकू नका. चित्र कळलं नाही तर तिथल्या माणसांना खुशाल विचारा. मुलांनाही बरोबर न्या. परदेशी निघण्याआधी ही चित्रं आपल्या गावी मुक्कामाला असतात. माहेरवाशिणीला भेटायला जावं, तसं त्यांना भेटून यावं.