अर्धायुष्याचे गणित आणि कोबाल्ट-६०

कर्करोगावरील उपचारासाठी कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा उपयोग कॅनडात १९५१ साली सुरू झाला. पुढे ही पद्धती जगभर पसरली. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे यंत्रही याच समस्थानिकावर चालते. यंत्रातील कोबाल्टचे सामर्थ्य मात्र दिवसेंदिवस घटत जाते. म्हणून रोग्यास नेमकी मात्रा मिळावी यासाठी किरण किती वेळ द्यावयाचे, हे वेळोवेळी नव्याने ठरवावे लागते. या हिशेबाचा पाया म्हणजे अर्धायुष्य होय.

कोबाल्ट-६० चे अणुकेंद्र एक बीटा कण बाहेर टाकते आणि पाठोपाठ गॅमा किरण उत्सर्जित करून निकेल-६० या स्थिर केंद्रात परिणत होते. अमुक एक केंद्र केव्हा विघटन पावेल, हे सांगता येत नाही. तथापि पुढील एका वर्षात विघटन पावण्याची संभाव्यता प्रत्येक केंद्राची सारखीच असते. मग ते आज निर्माण झालेले असो वा दहा वर्षांपूर्वी. अणुकेंद्रास वार्धक्य ठाऊक नाही. यामुळे ठराविक काळात होणारी घट ही मूळ राशीच्या नव्हे, तर त्या काळाच्या आरंभी शिल्लक असलेल्या राशीच्या प्रमाणात होते. ज्या काळात राशी निम्मी होते, तो काळ म्हणजे अर्धायुष्य. कोबाल्ट-६० च्या बाबतीत तो ५.२७ वर्षे आहे.

शिल्लक काढण्याची रीत सोपी आहे. गेलेल्या काळास अर्धायुष्याने भागावे, येणारा भागाकार १/२ या संख्येचा घातांक समजावा, आणि त्या किमतीने आरंभीच्या सामर्थ्यास गुणावे. एका वर्षानंतर घातांक १ ÷ ५.२७, म्हणजे ०.१९० येतो व सामर्थ्य ८७.७ टक्के उरते. १०.५४ वर्षांनी घातांक २ होतो व एक चतुर्थांश सामर्थ्य शिल्लक राहते.

येथे एक भ्रम टाळावयास हवा. ५.२७ वर्षांत निम्मी घट होते, तर त्याच्या अर्ध्या काळात पाव घट होईल, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः तेव्हा घातांक १/२ असतो आणि २ च्या वर्गमुळाने १ ला भागून सामर्थ्य येते ७०.७ टक्के; ७५ टक्के नव्हे. हा भेद क्षुल्लक नाही. आरंभी एखाद्या उपचारास १२० सेकंद लागत असतील, तर त्रैराशिकाने या वेळी १६० सेकंद येतात. प्रत्यक्षात १७० लागतात. १६० सेकंदांवर यंत्र थांबविल्यास रोग्यास जवळजवळ ६ टक्के मात्रा कमी पडेल. किरणोपचारातील मात्रा ५ टक्क्यांच्या आत अचूक असावी, अशी शिफारस किरणमापनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली केली आहे. ती मर्यादा केवळ या एका चुकीने ओलांडली जाते.

ही चूक सहज नजरेसही येत नाही. कारण आरंभी आणि एक अर्धायुष्य पूर्ण होताच दोन्ही रीतींची उत्तरे तंतोतंत जुळतात. तफावत पडते ती मधल्या वर्षांत, आणि यंत्र प्रत्यक्ष उपयोगात असते ते याच वर्षांत. योग्य रीतीने दरमहाची घट सुमारे १.१ टक्के येते. प्रत्येक महिन्यास त्या त्या वेळच्या शिल्लक सामर्थ्यातून ती वजा करीत गेल्यास उपचाराचा काळ अचूक राहतो.