गोळ्यांची नशा: नुसत्या शपथेने सुटत नाही, नुसत्या औषधानेही नाही

कंबर दुखते म्हणून किंवा अपघातानंतर डॉक्टरांनी लिहून दिलेली ट्रामाडोलची गोळी पुढे चिठ्ठीशिवाय चालूच राहते. काही पोरं कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली एका दमात रिकामी करतात. शहराकडे ब्राऊन शुगर. नावं वेगळी, पण ही सगळी अफूच्याच जातीची. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अशी द्रव्यं घेतात, असं आढळलं.

घरात कळलं की पहिला उपाय ठरलेला. आईची शपथ, गळ्यात माळ, नाहीतर खोलीत कोंडणं. माळ घालून दारू सोडलेले लोक गावोगावी दाखवता येतात, त्यामुळे घरच्यांना दोष देता येत नाही. पण इथे नुसतं मन अडकलेलं नसतं, शरीरही अडकलेलं असतं. गोळी बंद केली की साधारण दिवसभरातच नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, हाडं फुटल्यासारखी दुखतात, जुलाब लागतात, झोप उडते. दोन-तीन दिवस जोर असतो, आठ-दहा दिवसांत ओसरतो.

मग पोरगा नीट जेवायला लागतो, शेतात जातो. सगळ्यांना वाटतं, सुटलं एकदाचं. खरा धोका इथेच आहे. तलफ गेलेली नसते, पण शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी त्याने आधीएवढाच डोस घेतला तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो.

म्हणून डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. ती जिभेखाली विरघळवायची असते. ही गोळी मेंदूत त्याच जागी जाऊन बसते, पण तिचा असर सावकाश होतो आणि एका मर्यादेपुढे वाढत नाही. डोस नीट बसला की तलफ आणि त्रास दोन्ही थांबतात, माणूस कामाला जाऊ शकतो. तिच्यात बहुतेक वेळा नॅलोक्सोन मिसळलेलं असतं, म्हणजे कुणी ती विरघळवून सुईने टोचून घेऊ नये. पहिली गोळी त्रास सुरू झाल्यावरच द्यायची असते. घाई केली तर त्रास उलट वाढतो, म्हणून ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत तर मुळीच नाही.

‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं पारावर बोललं जातं. शुगरच्या पेशंटला रोज गोळी घेतो म्हणून कुणी नशेबाज म्हणत नाही. हे औषध काही महिने, बऱ्याचदा वर्षाहून जास्त चालतं. पंधरा दिवसांत ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरच्यांनी बंद केलं, की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मात्र उसाचं बिल हातात आलं, बाजारच्या दिवशी जुना दोस्त भेटला, बायकोशी भांडण झालं, तर काय करायचं हे गोळी सांगत नाही. ते काम समुपदेशकाचं. कोणत्या वेळी तलफ येते, कोणाचा फोन उचलायचा नाही, पैसे कोणाकडे ठेवायचे, इतक्या बारीक गोष्टी तिथे ठरतात. कंबर खरंच दुखत असेल तर त्यावर वेगळा इलाज शोधावा लागतो. घरच्यांनाही बसवतात, कारण रोजचे टोमणे हेही पुन्हा घेण्याचं एक कारण असतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं ते ब्राऊन शुगरच्या पेशंटसाठी, आणि तिथे पत्नींसाठी वेगळा गट आहे. तालुक्याला समुपदेशक नाही म्हणून औषध मात्र लांबवू नये. आधी जीव वाचू द्या.

‘कुत्ता गोळी’ हा प्रकार वेगळा. ती झोपेच्या गोळ्यांच्या जातीची असते. ती एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. इलाजही वेगळा आहे.

पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात जात नाहीत. नशा करणारा माणूस स्वतःहून उपचाराला आला, तर सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यातून त्याला सूट देण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. विक्रीला ती लागू नाही.

चौकशीसाठी १४४४६ हा सरकारी फोन मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारावं. जाताना घरात सापडलेली रिकामी पाकिटं आणि बाटल्या फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, म्हणजे पोरगा नक्की काय घेत होता ते त्यांना लगेच कळेल.