कानात हेर नाही, पण फट आहे

लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या डब्यापर्यंत एक किस्सा हमखास ऐकू येतो. कुणीतरी बोलता बोलता नव्या मिक्सरचा, गोव्याच्या सहलीचा किंवा गुडघेदुखीच्या तेलाचा विषय काढलेला असतो, कानात वायरलेस इअरबड्स असतात, आणि संध्याकाळी फोनवर नेमकी त्याच वस्तूची जाहिरात झळकते. निष्कर्ष ठरलेलाच असतो: कानातलं हे यंत्र दिवसभर आपलं बोलणं टिपतं आणि कंपनीला पाठवतं. शंका घेणाऱ्याला वर एक बिनतोड वाटणारा प्रश्नही विचारला जातो. नाव घेतल्याबरोबर व्हॉइस असिस्टंट ओ देतो, म्हणजे तो सतत ऐकतच असणार ना? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर 'हो' असंच आहे. घोळ होतो तो त्यापुढच्या उडीत. ऐकणं, साठवणं आणि पाठवणं या तीन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली होते म्हणून उरलेल्या दोन्ही होतातच असं धरून चालणं म्हणजे पुरावा न देता निकाल लावणं. आणि या घाईच्या निकालामुळे जिथे खरोखर काळजी घ्यायला हवी, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे हजार-दीड हजार रुपयांना मिळणाऱ्या इअरबड्सच्या खोक्यावर 'व्हॉइस असिस्टंट' असं ठळक छापलेलं असतं. त्यातल्या बहुतेकांना हाक ऐकूच येत नाही. इअरबडवर दोन-तीनदा टिचकी मारली किंवा बोट दाबून धरलं की तो फोनला फक्त इशारा देतो, आणि पुढचं सगळं काम फोनमधला असिस्टंट करतो. २०१६ साली बाजारात आलेले ॲपलचे पहिले एअरपॉड्सही असेच होते. दोनदा टिचकी मारल्याशिवाय सिरी जागी होत नसे. नुसत्या हाकेवर ती जागी होण्याची सोय मार्च २०१९ मध्ये दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्समध्ये, एच-१ या नव्या चिपसोबत आली. त्याच वर्षी ॲमेझॉनने अलेक्साला हाक मारता येणारे इअरबड्स जाहीर केले आणि पुढच्या वर्षी गुगलनेही तशीच सोय दिली. तेव्हा आपल्या कानात नेमकं काय आहे, एवढं तरी भीती बाळगण्याआधी बघून घ्यावं.

ज्या इअरबड्सना हाक ऐकू येते, त्यांच्यात काय घडतं? ॲपलच्या अभियंत्यांनी 'हे सिरी' फोन आणि घड्याळात कसं चालतं, याचा तपशील २०१७ मध्ये प्रसिद्ध केला; त्यावरून कल्पना येते. माईक सेकंदाला १६,००० नमुने घेतो. त्यांचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे केले जातात आणि असे सुमारे वीस तुकडे, म्हणजे जेमतेम ०.२ सेकंदांचा आवाज, एका वेळी एका छोट्या गणिती जाळ्यातून जातो. हे जाळं एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतं: हा आवाज ठरलेल्या हाकेसारखा आहे का? नसेल तर तो तुकडा मागे पडतो आणि पुढचा येतो. असेल असं वाटलं, तरच जास्त वीज खाणारा मुख्य प्रोसेसर उठतो आणि मोठ्या जाळ्याने पुन्हा खात्री करतो. एसटी स्टँडवर बसलेल्या माणसाच्या कानावर दिवसभर घोषणा पडत असतात, पण आपल्या गावाचं नाव येईपर्यंत त्यातली एकही त्याच्या लक्षात राहत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय इअरबडचा माईक चालू असण्यात हेरगिरीसारखं काही नाही. नॉइज कॅन्सलेशनसाठी तर तो सतत चालूच लागतो, कारण बाहेरचा गोंगाट मोजल्याशिवाय त्याला छेद देणारा आवाज तयारच करता येत नाही. ते मोजमाप इअरबडमध्येच होतं आणि तिथेच संपतं.

हे सगळं कंपनीच सांगते, तिच्यावर का विश्वास ठेवायचा, असं कुणी म्हणेल. ठेवू नका. बॅटरीवर ठेवा, ती कुणाची भीड बाळगत नाही. दुसऱ्या पिढीच्या एका एअरपॉडमधल्या बॅटरीची क्षमता ९३ मिलिवॅट-तास आहे, म्हणजे फोनच्या बॅटरीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा शिदोरीवर गाणी ऐकण्याचा वेळ ५ तास दिला आहे, तर फोनवर बोलण्याचा फक्त ३ तास. हा फरक पडतो, कारण बोलताना माईकचा आवाज अखंड फोनकडे पाठवावा लागतो. इअरबड दिवसभर आपलं बोलणं चोरून पाठवत असता, तर गाणी ऐकतानाही बॅटरी बोलण्याच्या वेगानेच उतरली असती. दुसरी खूण कानालाच कळणारी आहे. नेहमीच्या ब्लूटूथ पद्धतीत माईकचा आवाज फोनकडे जाऊ लागला की जोडणी संगीताच्या मार्गावरून टेलिफोनच्या मार्गावर उतरते. म्हणून व्हिडिओ कॉल सुरू होताच मागे वाजणारं गाणं डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. एलई ऑडिओसारख्या नव्या पद्धतींत हा फरक बराच बुजला आहे. पण आज वापरात असलेल्या असंख्य इअरबड्सच्या बाबतीत, गाणं स्वच्छ वाजत असताना माईक मात्र गुपचूप सगळं पाठवतोय, हे जुळत नाही.

यावर एक आक्षेप मात्र दमदार आहे. आवाज कशाला पाठवायचा? फोनमध्येच त्याचा मजकूर करून पाठवला तर दिवसभराचं बोलणं काही किलोबाइटमध्ये मावेल आणि डेटाच्या आकड्यांत कुणाला दिसणारही नाही. अगदी खरं. म्हणूनच 'माझा डेटा तर संपला नाही' एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांचा युक्तिवाद लंगडा आहे. पण मजकूर करण्यासाठी आवाज आधी इअरबडमधून फोनपर्यंत यावा लागेल, म्हणजे वरचा बॅटरीचा हिशेब पुन्हा आडवा येतो. शिवाय फोनमध्ये तासन्‌तास आवाजाचं शब्दांकन चालू राहिलं तर फोनची बॅटरीही लपून राहत नाही. आणि बाहेरच्या लोकांनी हे तपासलेलंही आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप्स तपासली. नकळत माईक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप्स वापरणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. भीती माईकची आणि चोरी पडद्यावरची, असा हा मामला. कॉक्स मीडिया ग्रुप या अमेरिकी कंपनीने आपण फोनमधलं बोलणं ऐकून जाहिराती लावू शकतो अशी फुशारकी मारल्याच्या बातम्या २०२३-२४ मध्ये गाजल्या, हेही खरं. पण त्या बातम्यांच्या हाती होतं ते ग्राहक गाठण्यासाठी केलेलं विक्रीचं सादरीकरण. तसं यंत्र कुठे चालताना कुणी दाखवलं नाही. विक्रेत्याची बढाई हा पुरावा मानायचा, तर मग केस उगवणारी सगळी तेलंही खरी मानावी लागतील.

मग ती मिक्सरची जाहिरात आली कुठून? उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते कुणाला आवडत नाही. ज्याच्याशी गप्पा झाल्या त्याने आधी किंवा नंतर मिक्सर शोधलेला असतो. दोघं एकाच घरातल्या वायफायवर असतात, एकमेकांच्या संपर्कयादीत असतात, एकाच ठिकाणी तासभर बसलेले असतात. आपलं वय, गाव, गेल्या महिन्याची खरेदी, दिवाळी जवळ आल्याची तारीख, सगळं जाहिरातवाल्यांकडे आहेच. एवढ्यावरून अंदाज बांधायला बोलणं ऐकावं लागत नाही. शिवाय दिवसभरात नजरेखालून गेलेल्या डझनावारी जाहिराती आपण विसरतो आणि जुळलेली एकच लक्षात ठेवतो. न जुळलेल्या जाहिरातीचा किस्सा पंगतीत कुणी सांगत नाही.

इथवर वाचून कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर जरा थांबावं. यंत्र सतत पाठवत नाही, पण चुकून पाठवतं, आणि धोका तिथे आहे. हाकेसारखा ध्वनी ऐकू आला की असिस्टंट न बोलावता जागा होतो, आणि त्यानंतरचे काही सेकंद टिपले जातात. नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचं इम्पिरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये स्मार्ट स्पीकरांसमोर टीव्ही मालिका लावून ठेवल्या. सतत ध्वनिमुद्रण चालू असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण यंत्रागणिक दिवसाला सरासरी दीड ते १९ वेळा ती उगाचच जागी झाली. हा प्रयोग इअरबड्सवरचा नव्हे, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावू नये. दोष मात्र हाक ओळखण्याच्या तंत्राचाच आहे. त्यात २०२३ मध्ये ॲपलने 'हे' गाळून नुसत्या 'सिरी'वर जागं होण्याची सोय दिली. हाक जितकी छोटी, तितकं तिच्यासारखं काहीतरी बोलण्यात येणं सोपं.

चुकून टिपलेल्या या तुकड्यांचं पुढे काय झालं, ते २०१९ मध्ये जगासमोर आलं. असिस्टंटची समज सुधारावी म्हणून काही नमुने माणसं ऐकत होती. बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीच्या हाती गुगल असिस्टंटची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणं लागली. त्यांतल्या १५३ मध्ये कुणी असिस्टंटला हाक मारलेलीच नव्हती. सिरीच्या बाबतीत ब्रिटनच्या 'गार्डियन'ने छापलेला वृत्तान्त याहून अस्वस्थ करणारा होता: डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं, जोडप्यांचे खासगी क्षण कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या कानी पडत होते. ॲपलने माफी मागितली आणि यापुढे वापरणाऱ्याने स्वतः होकार दिला तरच नमुने ऐकले जातील असा बदल केला. २०२३ मध्ये ॲमेझॉनने मुलांची अलेक्सावरची ध्वनिमुद्रणं बेमुदत ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारशी अडीच कोटी डॉलर दंडाची तडजोड केली. ॲपलने सिरीच्या खटल्यात साडेनऊ कोटी डॉलर देऊन समझोता केल्याचं जानेवारी २०२५ मध्ये समोर आलं, तेव्हा तो 'कंपनीने हेरगिरी कबूल केली' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरला. वस्तुस्थिती अशी की खटल्याचा मुख्य मुद्दा चुकून जागं होण्याचा होता. त्यातून जाहिराती आल्या असंही वादींचं म्हणणं होतं, पण ॲपलने आरोप नाकारले आणि न्यायालयाने दोषी कोण याचा निवाडा दिलाच नाही.

म्हणजे फट खरी आहे, पण ती बुजवता येते. 'सगळं ऐकतातच, आता काय करणार' असं म्हणणारा माणूस सेटिंग कधीच उघडत नाही, आणि हेच या गैरसमजाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. काम पाच मिनिटांचं आहे. हाकेची गरज नसेल तर ती सोय बंद करून टिचकीवर भागवावं. आयफोनवर 'इम्प्रूव्ह सिरी अँड डिक्टेशन' बंद आहे का ते बघावं आणि सिरीचा जुना इतिहास पुसावा. गुगलच्या खात्यात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'खाली आवाजाची नोंद ठेवायची का, हा पर्याय तपासावा. अलेक्साच्या ॲपमध्ये साठलेली ध्वनिमुद्रणं ऐकता येतात आणि पुसताही येतात. ती एकदा ऐकावीतच. नकळत किती वेळा हाक लागली, याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

आता उरलेले गैरसमज झटपट. 'ब्लूटूथमुळे मेंदूचा कर्करोग होतो, अडीचशे शास्त्रज्ञांनी एअरपॉड्सविरुद्ध इशारा दिला': ते आवाहन २०१५ चं, एअरपॉड्स बाजारात येण्याआधीचं, आणि त्यात त्यांचं नावही नाही. इअरबडची प्रक्षेपणशक्ती काही मिलिवॅटच्या घरात असते, तर ४जी फोनची कमाल मर्यादा सुमारे २०० मिलिवॅट. फोन कानाला लावून बोलणाऱ्याने इअरबडला घाबरणं म्हणजे कमालच. 'असिस्टंट फक्त माझाच आवाज ओळखतो': मिळताजुळता आवाज किंवा ध्वनिमुद्रणही त्याला फसवू शकतं, त्याला कुलूप समजू नये. 'हात मोकळे म्हणजे गाडी चालवताना सुरक्षित': अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या २०१५ च्या अभ्यासात आवाजी आज्ञा दिल्यानंतर काही यंत्रणांच्या बाबतीत लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. 'आयपीएक्स-४ म्हणजे वॉटरप्रूफ': नाही, घाम आणि शिंतोडे चालतील, नळाखालची धार किंवा मुंबईच्या पावसातली पायपीट नव्हे. आणि कानाला खरा धोका विचाराल तर तो ना लहरींचा ना हेरांचा, तो आवाजाच्या पातळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज चढेल तसा सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो.

तेव्हा पुढच्या वेळी जाहिरातीचा तो किस्सा कुणी सांगू लागलं, तर वाद घालत बसू नका. सांगणाऱ्याचा फोन त्याच्याच हातात द्या आणि सेटिंग उघडायला लावा. आवाज कमी करायलाही सांगा.