व्याख्येबाहेर राहिलेली मुले

आगगाडीत समोरच्या बाकावर एक लहान मूल आईच्या मांडीवर बसले होते. खिडकीबाहेर जनावरे दिसली की ते बोट दाखवी आणि लगेच वळून आईच्या चेहऱ्याकडे पाही. आपली सूझी असे कधीच करीत नाही, हे डॉ. लॉर्ना विंग यांना त्या क्षणी जाणवले. आपण पाहिलेले दुसऱ्यालाही दाखवावे, ही ओढच तिच्यात दिसत नव्हती. पुढे सूझीला ऑटिझम, अर्थात स्वमग्नता असल्याचे निदान झाले.

१९२८ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात जन्मलेल्या लॉर्ना आणि त्यांचे पती जॉन विंग हे दोघेही मानसोपचारतज्ज्ञ. मात्र १९५६ मध्ये सूझी जन्मली तेव्हा या अवस्थेची ओळख डॉक्टरांनाही जेमतेमच होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले होते. त्यापाठोपाठ आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मूल असे होते, हा समज पसरला. आधीच खचलेल्या आईवर यापेक्षा क्रूर आरोप तो कोणता? लॉर्ना यांनी १९६२ मध्ये इतर पालकांसह संघटना उभारली. आज ती ‘नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या पुढाकाराने १९६५ साली लंडनच्या ईलिंग भागात अशा मुलांसाठी शाळाही सुरू झाली.

पण त्यांचे खरे मोठे काम आहे ते मोजणीचे. ज्युडिथ गूल्ड यांच्यासमवेत त्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील १५ वर्षांखालील सुमारे ३५ हजार मुलांपैकी अपंगत्वामुळे वा वर्तनातील अडचणींमुळे सरकारी यंत्रणांना ठाऊक असलेली मुले तपासली. कॅनर यांच्या काटेकोर व्याख्येत बसणारी मुले निघाली १० हजारांमागे जेमतेम पाच. इतरांशी नाते जोडण्यात मूलभूत अडचण असलेली मुले मात्र १० हजारांमागे २१ होती! म्हणजे प्रत्येक चार गरजू मुलांपैकी तीन व्याख्येच्या बाहेर. निदान नाही, म्हणून त्यानुसार मिळणारे शिक्षण नाही आणि मदतही नाही.

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने तीन गोष्टी एकत्र आढळतात असे दाखवले : सामाजिक देवाणघेवाण, संवाद आणि कल्पनाशक्ती यांतील उणीव. शिवाय सगळीच मुले अलिप्त नसतात. काही इतरांना मुकाट्याने सोबत करतात, तर काही आपणहून जवळ येतात, पण विचित्र, एकतर्फी रीतीने. आपला ‘स्वमग्नता’ हा शब्द यातील पहिल्याच प्रकाराला नेमका लागू पडतो, हे येथे नमूद केले पाहिजे. स्वतःहून गप्पा मारणाऱ्या मुलाला स्वमग्न म्हणणे पालकांना आजही पटत नाही.

व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांचा १९४४ चा जर्मन लेख इंग्रजी जगात जवळजवळ अपरिचित होता. लॉर्ना यांनी १९८१ मध्ये त्यावर लिहिले आणि ‘आस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. मूळ संज्ञेतील ‘सायकोपथी’ हा शब्द लोक गुन्हेगारीशी जोडतील, म्हणून त्यांनी ते सुचवले होते. त्यांच्या लेखी मात्र हा वेगळा आजार नव्हता. इंद्रधनुष्यात एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही, तसेच हे. ‘स्पेक्ट्रम’ ही कल्पना त्यातूनच रुजली. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीतून आस्पर्गर हे स्वतंत्र नाव काढून टाकले व सर्वांना एकाच वर्णपटात घेतले. २०१८ मध्ये आस्पर्गर यांचे नाझी राजवटीशी असलेले सहकार्य पुराव्यांनिशी उघड झाले, तोवर लॉर्ना हयात नव्हत्या.

ऑटिझमचे आकडे जगभर वाढले, त्यात व्याख्या रुंदावल्याचा वाटा मोठा आहे. त्याची एक किंमतही आहे. नोकरी करणारा अभियंता आणि आयुष्यभर सोबतीची गरज असणारी सूझी एकाच नावाखाली आले, की सूझीसारख्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका उरतोच. अर्थात लॉर्ना यांचा भर नावापेक्षा गरजेवर होता. गूल्ड यांच्यासह त्यांनी तयार केलेली तपशीलवार मुलाखतपद्धत पालकांकडून मुलाच्या तान्हेपणापासूनचा सारा इतिहास काढून घेते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार गमतीने ‘डिस्को’ असा होतो.

सूझी २००५ मध्ये, पन्नाशी न गाठताच गेली; जॉन २०१० मध्ये. जून २०१४ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी लॉर्ना यांचे निधन झाले.