विश्लेषण : सोन्याहून दुर्मीळ, तरीही सोन्याहून स्वस्त! प्लॅटिनम मागे का पडले?

मार्च २००८ मध्ये एक औंस (३१.१ ग्रॅम) प्लॅटिनमसाठी २,२०० डॉलरहून अधिक मोजावे लागत होते. सोने तेव्हा कुठे पहिल्यांदा १,००० डॉलरला टेकले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा प्लॅटिनम त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळत होते. सतरा वर्षांत चित्र इतके का उलटले?

प्लॅटिनम खरेच इतके दुर्मीळ आहे?

हो. जगभरातल्या खाणींतून वर्षाला सुमारे २५ हजार टन चांदी आणि साडेतीन हजार टनांहून अधिक सोने निघते. प्लॅटिनम मात्र पावणेदोनशे टनांच्या आसपासच. त्यातलेही सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. भाव केवळ दुर्मीळतेवर ठरला असता, तर प्लॅटिनम कायम पहिल्या क्रमांकावर राहिले असते. इतिहास वेगळेच सांगतो.

सुरुवातीला त्याला किंमत का नव्हती?

आजच्या कोलंबियात सोने शोधणाऱ्या स्पॅनिश लोकांना वाळूत पांढरट कण सापडत. त्यांनी त्याला ‘प्लॅटिना’, म्हणजे ‘छोटी चांदी’ असे काहीसे हिणवणारे नाव दिले. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना. प्लॅटिनमला १,७६८ अंश लागतात. तेव्हाच्या भट्ट्यांमध्ये ते वितळतच नसे. वर ते सोन्याहूनही जड. त्यामुळे सोन्यात भेसळ केली, तर वजनावरून खोट पकडणे अवघड. १९व्या शतकात सोन्याचा मुलामा दिलेली प्लॅटिनमची बनावट स्पॅनिश नाणीही निघाली. आज महागड्या अंगठ्यांत मिरवणारा धातू तेव्हा भेसळीचा स्वस्त माल होता!

मग त्याचे चलन का झाले नाही?

रशियाने तो प्रयोग केला. उरल पर्वतात साठे सापडल्यावर १८२८ पासून ३, ६ आणि १२ रुबलची प्लॅटिनमची नाणी पाडण्यात आली. पण नाण्यावरची किंमत ठरलेली आणि धातूचा बाजारभाव मात्र अस्थिर. भाव पडला, की स्वस्त धातूची बनावट नाणी येण्याची भीती. अखेर १८४५ मध्ये ही नाणी बंद झाली. सोन्या-चांदीमागे हजारो वर्षांचा विश्वास होता, तो प्लॅटिनमला कधी मिळाला नाही.

चांदीचे काय झाले?

चलन म्हणून मान असला, तरी तो टिकेलच असे नाही, हे चांदीने दाखवले. १९व्या शतकात बराच काळ एका भाग सोन्याला साधारण साडेपंधरा भाग चांदी असे प्रमाण होते. १८७१ नंतर जर्मनीपाठोपाठ इतर देश सुवर्णचलनाकडे वळले, अमेरिकेतल्या नव्या खाणींतून चांदी भरपूर येऊ लागली आणि भाव घसरला. भारताचा रुपया चांदीचा असल्याने त्याची झळ इथेही बसली. सुमारे २ शिलिंगचा रुपया सव्वा शिलिंगपर्यंत उतरला. शेवटी १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी थांबवले.

प्लॅटिनम सोन्याच्या पुढे कसे गेले?

कारखान्यांमुळे. प्लॅटिनम गंजत नाही, बहुतेक आम्लांना दाद देत नाही आणि स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवते. रसायन उद्योगाला ते हवे होतेच. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेने दागिन्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घालून ते लष्करी कामासाठी राखून ठेवले. १९७५ पासून अमेरिकेतल्या मोटारींत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि वाहन उद्योग मोठा ग्राहक बनला. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वीजटंचाईने खाणी थांबताच भाव उच्चांकाला पोहोचला.

मग घसरण का झाली?

ज्या कारखान्यांनी वर नेले, त्यांनीच खाली आणले. २००८ च्या अखेरीस मंदीत वाहनविक्री थंडावली आणि भाव काही महिन्यांतच हजार डॉलरखाली आला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा उत्सर्जन घोटाळा उघड झाला आणि युरोपात डिझेल मोटारींची पत गेली. या मोटारींतच प्लॅटिनम जास्त लागते. निव्वळ विजेवर धावणाऱ्या मोटारीला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच लागत नाही. याउलट संकट आले, की लोक सोन्याकडे धावतात. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले. रिझर्व्ह बँकेकडेही मार्च २०२५ मध्ये सुमारे ८८० टन सोने होते. प्लॅटिनमला असा कायमचा गिऱ्हाईक नाही. पुरवठा अपुरा पडल्याने २०२५ मध्ये त्याचा भाव दुपटीहून अधिक वाढला, पण बाजार छोटा असल्याने तो तितक्याच वेगाने उतरूही शकतो.

ग्राहकांनी काय लक्षात घ्यावे?

‘पांढरे सोने’ म्हणजे प्लॅटिनम नव्हे. ते इतर धातू मिसळून पांढरे केलेले सोनेच असते. प्लॅटिनमचा दागिना साधारण ९५ टक्के शुद्ध असतो, पण घडवायला आणि वितळवायला अवघड. त्यामुळे खरेदीआधी घडणावळ किती आणि मोडताना काय भाव मिळेल, हे लेखी विचारून घ्या. अडीनडीला कर्ज काढायचे असेल, तर रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जाहीर केलेली तारण कर्जाची नियमावली सोने आणि चांदीसाठी आहे, प्लॅटिनमसाठी नाही. हौस म्हणून अंगठी जरूर घ्यावी. अडचणीच्या वेळची पुंजी म्हणून घेत असाल, तर हा फरक आधी तपासा.